पेटीतली सवत

माझ्या सवतीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका काडेपेटीत कापसावर ठेवलेली होती आणि मधोमध तडकलेली होती. अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी. तोवर दीड वर्ष मी तिच्या नावाने बोटं मोडत होते, आणि ती बाई नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझं माहेर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत. बारा घरं आणि त्याहून जास्त म्हशी. लग्न होऊन मी महाडला आले ती तीन खोल्यांच्या घरात. घरात सासूबाई, मी आणि भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ मुंबईहून आलेलं होतं, आणि हेही मुंबईहूनच यायचे, वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला. बोटीने बाणकोटपर्यंत, तिथून लाँचने सावित्रीतून दासगावला, पुढे मिळेल त्या गाडीने. आठ दिवसांची रजा, त्यातले जाण्यायेण्याचे तीन दिवस पाण्यात जायचे. उरलेल्या पाचात सासूबाईंचे अडीच, मित्रांचे दोन, आणि अर्धा माझा.

यांचं काम काय, ते मला धड सांगता यायचं नाही. मुंबईला एका बिनतारी केंद्रावर हे यंत्रं सांभाळायला होते. रेडिओ तेव्हा नवा होता आणि आमच्या आळीत कुणी तो पाहिलेलाही नव्हता. सासूबाई देवळात अभिमानाने सांगायच्या, “आमचा मुलगा वाऱ्यावर बोलतो.” बायका पदराआड हसायच्या. मी हसत नसे, पण मला समजत होतं असंही नाही.

लग्नानंतरच्या दुसऱ्या गणपतीतली दुपार. हे ओटीवर शाळेतल्या मित्राशी बोलत बसले होते, मी माजघरात तांदूळ निवडत होते. मध्ये नुसता कुडाचा आडोसा. हे म्हणाले, “तिला सारखी ऊब लागते रे. जरा गार पडली की तिचा सूर बिघडतो. आणि तिचा सूर बिघडला की सगळ्यांचंच बिघडलं.”

“आणि जास्त तापली तर?” मित्राने विचारलं.

“मग मेलोच.” दोघं हसले. मग हे जरा हळू म्हणाले, “खरं सांगू, इथे आलो तरी माझा अर्धा जीव तिच्यापाशी असतो.”

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. खडे कुठे टाकले आणि तांदूळ कुठे, मला कळलं नाही. जेवताना सासूबाईंच्या दाताखाली खडा आला तेव्हा त्या म्हणाल्या, “डोळे कुठे ठेवले होतेस?” मी म्हटलं, “मुंबईला.” त्यांना वाटलं मी उलट बोलते. तशी मी बोलतच होते.

आता विचार करते तेव्हा वाटतं, ही चूक आपल्या भाषेतच होऊ शकते. आपल्याकडे पळी ती, तवा तो, ताट ते. नाव घेतलं नाही आणि नुसतं ‘ती’ म्हटलं, की ऐकणारीने काय समजायचं? त्यातून मुंबईला राहणारा पुरुष. मुंबईला कुणाचं काय असतं हे आमच्या पाणवठ्यावर रोज धुण्याबरोबर धुतलं जायचं. आणि हिला तर सूर होता. म्हणजे गाणारी होती. रोगट असावी, म्हणून थंडी सोसत नसावी. तापट असावी, म्हणून हा मर्द गडी तिच्या तापण्याला भीत असावा. बघता बघता मी तिला नाक, डोळे, नथ, सगळं दिलं. आवाजही दिला, आणि तो आवाज मला सगळ्यात जास्त सलायचा. माझा गळा डोंगरातून म्हशींना हाका मारून कमावलेला. त्या गणपतीत मी मुद्दाम यांच्या कानी पडावी म्हणून जात्यावर ओवी म्हटली. हे बाहेरून म्हणाले, “जरा हळू, आईचा डोळा लागलाय.”

त्यानंतर दीड वर्ष मी जळत होते. दुसरा शब्द नाही. शेजारणीचा नवरा रोज दुकानातून घरी येऊन भाकरी मागायचा आणि ती करवादायची, त्याचंही मला पोटात दुखायचं. हे आले की मी यांची ट्रंक हुंगायची. अत्तर नाही, तेल नाही. तापलेल्या तारेसारखा काहीतरी कोरडा वास. मनात म्हणायची, बाई हुशार आहे, वास मागे ठेवत नाही. विचारायचं धाडस मात्र झालं नाही. विचारलं आणि हे ‘हो’ म्हणाले, तर मग मी करायचं काय? माहेरी बारा घरं होती, तेरावं माझ्यासाठी कोण बांधणार होतं?

मग तो मार्गशीर्ष आला. सासूबाईंना ताप भरला, तो उतरेना, म्हणून तार केली. हे धावत आले, चार दिवस उशाशी बसले, ताप उतरल्यावर गेले. आणि पुढच्या शिमग्याला आले ते पडलेल्या चेहऱ्याने, काखेत फडक्यात बांधलेली एक पेटी घेऊन. पेटी तांब्याची, वर जाड लाकडाचं आवरण, आत नमद्याचं जाड लोकरी अस्तर, आणि अस्तर जळून काळं पडलेलं. सासूबाईंनी विचारलं, “हे काय रे?” यांनी खिशातून काडेपेटी काढली, उघडली आणि म्हणाले, “ही बघ. गेली.”

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. “कोण गेली?” मी विचारलं. दीड वर्षात पहिल्यांदा मी तिच्याबद्दल तोंड उघडलं.

“चकती. स्फटिकाची चकती. हिच्या जिवावर आमचं केंद्र चालतं. आईच्या तापात मी इथे होतो ना, तेव्हाच तडकली.”

मी पाहिलं. खडीसाखरेचा पातळ काप असावा तशी. मध्ये केसासारखी चीर. “हिलाच ऊब लागते?” मी विचारलं. हे चकित होऊन माझ्याकडे बघत राहिले. “तुला कसं ठाऊक?”

ते मी सांगितलं नाही. आत गेले, चुलीपुढे बसले, आणि आधी हसले, मग रडले. वाटलं होतं आता डोक्यावरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. बाई असती तर तिचे केस पिकले असते, दात पडले असते, कधी ना कधी यांना तिचा कंटाळा आला असता. दगडाचं काय होणार? बाईशी भांडताही आलं असतं. उलट हे चार दिवस आमच्यापाशी होते तेव्हाच ती तडकली होती, म्हणजे यांच्या मनात आमच्या चार दिवसांची किंमत काय लागली असेल ते मला बसल्या जागी दिसत होतं. जळफळाट होता तिथेच राहिला. फक्त त्याचं नाक आणि नथ गेली.

दुसऱ्या दिवशी यांनी मला समजावून सांगितलं, कारण मीच विचारलं. सवतीची कुंडली कुणाला नको असते? केंद्रातून आवाज जातो तो एका ठरलेल्या लहरीवरून, आणि ती लहर इकडेतिकडे सरकू नये म्हणून ही चकती. विजेच्या जोराने ती एकसारखी थरथरते. पण गारठ्याने, उन्हाने तिची थरथर बदलते. म्हणून तिला या पेटीत पन्नास डिग्रीवर ठेवायचं, दिवस असो रात्र असो. पेटीत तापणारी तार असते आणि पाऱ्याची नळी असते. पारा पन्नासाला चढला की तार बंद, उतरला की चालू. हे मुंबईत नसताना ती चालू-बंद करणारी कळ एकदा चिकटून बसली. तार तापतच राहिली. नमदा जळायला लागला तेव्हा कुणीतरी घाईने झाकण उघडलं, गार वारा आत गेला आणि चकती तडकली.

“साहेब म्हणाले, पुन्हा असं झालं तर नोकरी गेली समज. आणि तोवर रजेचं नाव काढायचं नाही,” हे म्हणाले. “नवी चकती यायला वेळ आहे, पेटी रिकामी आहे, म्हणून आत्ता सुटलो. मला त्या पेटीत असं काहीतरी बसवायचंय, जे पारा फसला, कळ फसली, मी जागेवर नसलो तरी आपण होऊन तार तोडेल. एकदाच, पण वेळेवर. साठ-सत्तरच्या पुढे गेलं की तुटलंच पाहिजे, आणि पन्नासला मात्र तुटता कामा नये.”

“मग साधा फ्यूज नसतो का?” मी म्हटलं. फ्यूज हा शब्द मी यांच्याकडूनच ऐकलेला.

“तो जास्त वीज गेली की वितळतो. इथे वीज तेवढीच असते. ती थांबत नाही, एवढंच दुखणं. मला विजेवर नाही, उष्णतेवर वितळणारा फ्यूज हवाय. कथील, शिसं, कशालाही फार उष्णता लागते. परदेशात तसला धातू मिळतो म्हणतात, पण तो येणार कधी?”

हे बोलणं चाललं होतं तेव्हा सासूबाई चुलीशी बसून टाचांच्या भेगांना मलम लावत होत्या. हे मलम मी करायची. माझ्या माहेरच्या मोहोळाचं मेण आणि कोकमेल. कोकमाच्या बियांचं ते तेल थिजून पांढरट होतं, बायका मुठीत वळून त्याचे गोळे करतात. दोन्ही एकत्र वितळवलं की लोण्याहून घट्ट आणि मेणाहून मऊ असं मलम होतं. सासूबाईंनी वाटी निखाऱ्याजवळ सरकवली, मलम कडेने सुटायला लागलं, आणि हे बोलता बोलता थांबले. वाटीकडे बघत राहिले.

“यात काय काय आहे?”

मी सांगितलं.

“आणि नुसतं मेण? कोकमेल न घालता?”

“ते इतक्यात सुटत नाही. त्याला चांगली धग लागते.”

ती दुपार मी विसरणार नाही. यांनी बोटभर पत्र्याच्या नळीत पितळेची वाकवलेली पट्टी बसवली. पट्टी दाबून धरायची आणि वर मेणाचा थेंब सोडायचा. थेंब घट्ट असला की पट्टी खाली, म्हणजे तार जोडलेली. थेंब सुटला की पट्टी उसळणार. मी फुंकणी घेऊन चुलीपुढे, हे थर्मामीटर घेऊन पातेल्यावर वाकलेले, नळी पाण्यात बुडवलेली. “जाळ कमी कर. आता थोडा वाढव. बस.” लग्नानंतर यांचं माझ्याशी एका दमात इतकं बोलणं पहिल्यांदाच. आधी मलम लावून पाहिलं. पंचेचाळीसच्या पुढे गेलं आणि टक. मग नुसतं मेण. पन्नास झालं, पंचावन्न झालं, पट्टी जागची हलली नाही. बासष्टला टक. पुन्हा केलं, बासष्ट. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मीच आधी म्हटलं, “आता,” आणि टक झालं.

यांच्या कपाळावर घाम होता आणि तोंडावर असं हसू, जे मी वरातीतही पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता माझ्याकडे बघतील. म्हणतील, तुझ्या मेणाने काम केलं. हे बघत होते काडेपेटीकडे. ती तिथेच कोनाड्यात ठेवलेली होती. म्हणाले, “आता नव्या चकतीला काही होणार नाही.”

म्हणजे जुनी मेली तरी गादी रिकामी राहणार नव्हती. नवी यायची होती. आणि तिची पाठराखण करायला माझ्या माहेरचं मेण जाणार होतं.

त्या संध्याकाळी हे हजामत करायला गेले. सासूबाई देवळात. फळीवर मेणाचा गोळा मुंबईला न्यायला काढून ठेवलेला होता, भावाने कार्तिकात दिलेला, नारळाएवढा. मी तो कढईत टाकला. मग डब्यातून कोकमेलाचा गोळा काढला आणि त्यात सोडला. दोन्ही एक झालं तेव्हा ढवळलं आणि वाडग्यात ओतून पुन्हा तसाच गोळा पाडला. रंग जरासा फिका आला, पण बघणाऱ्याला कळण्यासारखा नाही. गार असताना वासही येत नाही. कोकमेलाचा वास येतो तो गरम झाल्यावर.

मी काय करते आहे ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. दुपारभर त्याचंच शिक्षण झालं होतं. हा थेंब पन्नासालाही तग धरणार नव्हता. तार वेळेआधी तुटणार, पेटी विझणार आणि ती गार पडणार. मला तिला एकदा गारठवायचं होतं. मी या घरात वर्षाचे साडेअकरा महिने गारठते ते कोण मोजतो? एवढंच मनात होतं. नोकरीचा विचार आला नाही म्हणून सांगितलं तर खोटं होईल. आला, आणि मी तो बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दासगावला जाणारी गाडी दारात उभी राहिली. मेणाचा गोळा ट्रंकेत, धोतरात गुंडाळलेला. हे सासूबाईंच्या पाया पडले, मग मी पाण्याचं भांडं घ्यायला आत गेले तेव्हा माझ्यामागे आत आले. म्हणाले, “आता माझं येणं वाढेल बघ. दोन महिन्यांनी तरी येईनच.”

मुंबईचे पुरुष जाताना असंच बोलतात. पण यांचा तो स्वभाव नव्हता, हे मला त्याच क्षणी जाणवलं. सांगून टाकावं असं ओठांवर आलं. म्हणावं, थांबा, तो गोळा नेऊ नका, दुसरा देते. मग काडेपेटी आठवली. ती यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली होती, छातीशी, तडकलेली होती तरी. मी म्हटलं, “सांभाळून जा.”

चैत्रात पत्र आलं. यांची पत्रं सासूबाईंच्या नावाने यायची आणि वाचून मीच दाखवायची, कारण चार इयत्ता मी शिकले होते आणि त्या नव्हत्या. ‘मेणाची युक्ती फसली. साहेबांसमोरच पट्टी उसळली आणि पेटी गार पडली. इतर लोक हसले. चूक माझीच, मुंबईत येऊन मी पुन्हा पारखून घ्यायला हवं होतं. नोकरी राहिली आहे. पण आता पेटीपाशी मी स्वतः बसतो. गणपतीला येणं व्हायचं नाही.’

सासूबाई म्हणाल्या, “पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचलं. ‘चूक माझीच’ या शब्दांवर दोन्ही वेळा मी पदर डोळ्यांना लावला. त्यांना वाटलं, मी गणपतीसाठी रडते.

तिला गारठवायला निघाले होते. तिची ऊब गेली असेल घटकाभर, पण त्या बदल्यात तिला माझा नवरा मिळाला, अष्टौप्रहर, हाताला हात लावून. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. वर धोंडाही मीच कढईत वितळवून ओतलेला.

वैशाखात मी माहेरी गेले. भावाला म्हटलं, “दादा, मेण पायजे. चांगलं, बिनभेसळीचं.”

“गेल्या साली नारळाएवढा गोळा दिला ना गो? त्याचं काय झालं?”

“संपला.”

“एवढं मेण? टाचा हायत का डोंगर?” तो हसला. मी हसले नाही तेव्हा त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि जास्त विचारलं नाही. मोहोळ झाडून आठ दिवस झाले होते. त्याने पोळं उकळून, गाळून नवा गोळा पाडला, नखाने एक तुकडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. “दाताखाली धर. चिकाटलं तर भेसळ. नाय चिकाटलं तर खरं मेण. कुनाला द्यायचं असंल त्यालापन असंच सांग.”

मी चावून पाहिलं. चिकटलं नाही.

वाडीतला एक जण मुंबईच्या गिरणीत होता, सुट्टी संपवून परत निघाला होता. त्याच्याबरोबर तो गोळा पाठवला आणि वर एक चिठ्ठी. कबुली लिहायला बसले होते. तीन वेळा लिहिली, तीन वेळा चुलीत घातली. शेवटी फक्त एवढंच लिहिलं, ‘हे दाताखाली धरून बघावे.’

उत्तर आलं नाही. पावसाळा गेला. गणपती बसले आणि उठले. मी पत्र आणणाऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून असायची, आणि मनातल्या मनात त्या पेटीला शिव्या द्यायची. चूक कळली म्हणून मत्सर जातो थोडाच? उलट आता त्याला खतपाणी मिळालं होतं.

हे दिवाळीला आले. आधी सासूबाईंचे पाय चेपून दिले. त्या शेजारी फराळाचं ताट द्यायला गेल्या तेव्हा यांनी ट्रंक उघडली आणि मी पाठवलेला गोळा काढून माझ्यापुढे ठेवला. एका कडेला दातांची खूण होती. बाकी गोळा जसाच्या तसा.

“हे शुद्ध आहे,” हे म्हणाले.

“हो.”

“पहिलं नव्हतं.”

मी मान खाली घातली.

“पेटी गरम झाली तेव्हाच वास आला मला. आईच्या मलमाचा. साहेब, सगळी मंडळी गोल करून उभी, आणि मध्येच आपल्या माजघराचा वास. मला आधी कळेचना मी कुठे आहे. चुकून पडलं म्हणून मी मनाची समजूत घातली होती. हे दाताखाली धरलं आणि कळलं की तुला फरक ठाऊक होता.”

मी सगळं सांगितलं. ओटीवरच्या बोलण्यापासून. ‘ती’ कोण वाटली होती, नथ, सूर, जात्यावरची ओवी, कोनाड्यातली काडेपेटी. हे रागावले नाहीत, आणि हसलेही नाहीत. हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

“मग हे नवं का वापरलं नाहीत?” मी विचारलं.

“साहेबांनी परदेशाहून धातूचा फ्यूज मागवला. आला गेल्या महिन्यात. गव्हाच्या दाण्याएवढा. सत्तरला वितळतो. आता मेणाची गरज नाही.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात तो साधा प्रश्न आला, जो आठ महिन्यांत आला नव्हता. “पण अहो, मेणच हवं होतं तर मुंबईत मेण मिळत नव्हतं का? इतक्या लांबून न्यायचं ते कशासाठी?”

“मिळतं की. हव्या त्या दुकानात मिळतं.” यांनी गोळा हातात घेतला आणि ती दातांची खूण अंगठ्याने चोळत राहिले. “मी साहेबांना सांगितलं होतं की बाजारचं मेण भरवशाचं नाही. आमच्या पोलादपूरच्या डोंगरातलंच लागतं, ते ताजं लागतं, आणि दर दोन महिन्यांनी मला स्वतः जाऊन आणावं लागेल. साहेबांना पटलं होतं. चालवून दाखव म्हणाले, मग रजा लिहून देतो.”

बाहेर सासूबाईंची चाहूल लागली. यांनी गोळा फळीवर ठेवला, कोकमेलाच्या डब्याशेजारी, आणि पाय धुवायला मागच्या दारी गेले.

तो धातूचा फ्यूज चांगला निघाला. पुढे यांची नोकरी संपेपर्यंत पेटीला काही झालं नाही असं हे सांगायचे. हे वर्षातून दोनदा यायचे, शिमग्याला आणि गणपतीला.